आधी कानी पडलेलं

नाटकातल्या गाण्यांची तबकडी लागली की जाणत्या रसिकाची मान पहिल्या ओळीलाच हलते, आणि ती दरवेळी दाद देण्यासाठी हलते असं नाही. पुष्कळदा तिचा अर्थ असतो, तसं नाही ते. नेमकं काय तसं नाही, हे त्याला लगेच सांगता येत नाही. सूर बरोबर असतात, शब्द तेच असतात, लय फार तर जराशी चढी असते. तरी एखादी जागा निसटलेली असते, एखादा श्वास नको तिथे घेतलेला असतो, आणि तेवढ्यावरून सगळं गाणं परकं होऊन बसतं. नव्या गाण्याबद्दल अशी तक्रार कोणी करत नाही. ती ओळखीच्या गाण्याच्याच वाट्याला येते, आणि ज्या नाटकातली सगळीच गाणी आधीपासून ओळखीची असतात, तिथे तर तिला ऊत येतो. पाश्चात्त्य रंगभूमीवर अशा नाटकांना ज्यूकबॉक्स म्युझिकल म्हणतात. गाजून गेलेली गाणी गोळा करायची आणि त्यांच्याभोवती नवी गोष्ट विणायची, ही त्यांची रीत. स्वीडनच्या ‘आबा’ या चौघांच्या गटाची गाणी घेऊन ६ एप्रिल १९९९ रोजी लंडनमध्ये ‘मामा मिया’ रंगमंचावर आलं आणि त्याच वर्षी त्यातल्या नटांच्या आवाजातली ध्वनिमुद्रिकाही निघाली. अशा ध्वनिमुद्रिकेपाशी दोन तऱ्हेचे चाहते येतात. एकाचं प्रेम गाण्यांवर असतं, त्याला जुने गळे हवे असतात. दुसऱ्याने प्रयोग पाहिलेला असतो, त्याला ती रात्र, तो अंधार, आजूबाजूची माणसं हवी असतात. ध्वनिमुद्रिका दोघांनाही पुरी पडत नाही.

चाहते हट्टी असतात, जुन्यात रमतात, नव्याला कान देत नाहीत, असं याचं स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं. मला ते पटत नाही. गाण्याचं मूळ रूप कोणतं, हे ते गाणं कुठे जन्मलं यावरून ठरत नाही. ऐकणाऱ्याच्या कानी आधी काय पडलं आणि किती वेळा पडलं, यावरून ते ठरतं. हे एकदा मान्य केलं की ‘तसं नाही’ म्हणणाऱ्याचा हट्ट हा हट्ट राहत नाही. ज्याच्या जोरावर तो बोलतो ती त्याची स्वतःची, वर्षानुवर्षं जपलेली मिळकत असते. आणि मग आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते, जी थिएटरच्या शहरांतल्या रसिकांना जड जाते. ज्याने प्रयोग कधी पाहिलाच नाही, फक्त तबकडी ऐकली, त्याचाही मूळ गाण्यावर तितकाच हक्क पोचतो. छत्तीसगढातल्या भिलाईसारख्या गावात राहून विचार केला तर हे फार लवकर लक्षात येतं.

डिस्कोची तर गोष्टच उलट्या टोकापासून सुरू होते. हे संगीत मैफिलीत किंवा रंगमंचावर जन्मलं नाही. ते स्टुडिओत रचलं गेलं, तबकडीवर कोरलं गेलं आणि तबकडी लावूनच नाचलं गेलं. नाचणाऱ्यांसमोर गायक नसे, वादक नसत, तबकड्या बदलणारा एक माणूस असे. १९७५ साली डॉना समरचं एक गाणं जॉर्जो मोरोडर यांनी म्युनिकमध्ये ताणत ताणत जवळजवळ सतरा मिनिटांचं केलं आणि तबकडीची एक अख्खी बाजू त्याला दिली, कारण नाचणाऱ्यांना गाणं संपायला नको होतं. म्हणजे इथे तबकडी हेच मूळ, आणि पुढे कोणी ते गाणं रंगमंचावर गायलं तर ती नक्कल. डिस्कोची गाणी घेऊन नाटक करायचं आणि त्या नाटकाची पुन्हा तबकडी काढायची, हा तबकडीपासून निघून रंगमंचावरून तबकडीकडे परत येण्याचा प्रवास आहे. अशा वेळी चाहत्याने पहिल्या तबकडीशी दुसरी ताडून पाहिली तर त्यात वावगं काय? त्याच्याकडे ताडून पाहायला दुसरं काही नाहीच.

आता आपल्याकडे वळू. संगीत नाटक हे आपलं अस्सल, स्वतंत्र रचनेचं वैभव, अशी आपली समजूत असते, आणि वैभवाबद्दल दुमत नाही. पण त्याच्या चाली कुठून आल्या ते पाहिलं तर मराठी रंगभूमीने ज्यूकबॉक्सची युक्ती शंभर वर्षं आधीच वापरली होती असं म्हणावं लागतं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला, तेव्हा प्रेक्षकांना साकी, दिंडी, लावणी यांची वळणं अनोळखी नव्हती. छापील नाटकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून कोणत्या तरी जुन्या गाण्याचा हवाला दिलेला असे, म्हणजे वाचणाऱ्याने ती चाल मनात लावून घ्यावी. १९११ साली ‘मानापमान’ आलं. त्यात गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याची वळणं मराठी शब्दांत बसवली. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदं बांधून दिली. ज्यांच्या कानी त्या बंदिशी होत्या त्यांनी रुक्मिणीच्या तोंडी आलेली पदं ऐकून मान कशी हलवली असेल, याची कल्पना करता येते. काहींनी नक्कीच नाक मुरडलं असणार. पण पुढच्या पिढीचं काय झालं ते आपण पाहतोच. हजारो मराठी घरांत ती चाल आधी पद म्हणून आली, आणि पुढे कधी एखाद्या गवयाने बंदिश गायली, तेव्हा ऐकणारे म्हणाले, अरे, हे तर ‘स्वयंवर’मधलं! बंदिश वडीलधारी, पद तिचं अपत्य. तरीही ऐकणाऱ्यांनी नातं उलटं जोडलं, आणि त्यांच्या बाजूने ते खरंच होतं.

यावर गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आधी ऐकलं ते मूळ, असं म्हटलं तर प्रयोगाची आणि तबकडीची बरोबरीच होते. मग रुक्मिणीची ही पदं गाणाऱ्या बालगंधर्वांना रंगमंचावर ऐकलेल्यांनी तबकडीत जे गमावलं त्याचं काय? अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. रंगमंचावर तेच पद वन्स मोअरमागून वन्स मोअर घेत कितीतरी लांबे, दर खेपेला निराळं होई, नाटक संपता संपता पहाट होई. ज्यांनी ते अनुभवलं त्यांना तबकडीतला आवाज खुरटल्यासारखा वाटला तर ते खोटं नाही. त्यांनी जे ऐकलं ते आकाराने, श्वासाने, शक्यतांनी मोठं होतं, आणि हे मोजून दाखवता येतं. माझं उत्तर इतकंच की मोठं असणं आणि मूळ असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रंगमंचावरचं पद श्रेष्ठ होतं, हे तबकडी ऐकणाऱ्यानेही कबूल करावं. पण ज्या घरात तीनच मिनिटं आली, त्या घराने त्या तीन मिनिटांत जे शोधलं, ते रंगमंचासमोर बसलेल्याला शोधावं लागलं नव्हतं. ऑर्गनच्या आधाराचा सूर, सारंगीने उचललेली सम, तान सुरू होण्याआधीची अर्धी मात्रा, हे सगळं पुन्हा पुन्हा ऐकूनच कानात मुरतं. प्रयोगाला पुनरावृत्ती नसते, तबकडीला पुनरावृत्तीशिवाय काही नसतं. डिस्कोने तीन मिनिटांचं गाणं सतरा मिनिटांवर नेलं आणि ग्रामोफोनने तासभर रंगणारं पद तीन मिनिटांवर आणलं. या दोन टोकांमध्ये ऐकणाऱ्यांनी आपापलं मूळ कुठे मांडलं, याचा हिशोब फक्त लांबीने होणार नाही.

आता भिलाईकडे येऊ. हे ग्रामोफोनच्याही नंतर वसवलेलं गाव आहे. १९५५ च्या फेब्रुवारीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दुर्ग जिल्हा आधी मध्य प्रांताचा आणि मग १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाचा, म्हणजे राजधानी नागपूर. तिथून रेल्वेच्या एकाच मार्गाने विदर्भातली माणसं इथे कामाला आली आणि सेक्टरांमधल्या क्वार्टरांत राहू लागली. मुंबई-पुण्याच्या रसिकाला नाटक ही संध्याकाळी उठून जाण्याची गोष्ट होती. इथे ती क्वचित येणारी गोष्ट होती. जे येत राहिलं ते रेडिओवरून, तबकड्यांवरून, पुढे कॅसेटवरून आलं. त्यामुळे अशा गावात नाट्यपद आधी घरात ऐकू येई आणि नाटक, आलंच तर, कितीतरी वर्षांनी दिसे. दिसे तेव्हा तबकडीचे कान घेऊन बसलेल्या प्रेक्षकाला ते थोडं लांबलेलं, थोडं सैल वाटलं तर त्याला अरसिक ठरवणं अन्यायाचं आहे. दूर राहणाऱ्याची निष्ठा कमी नसते. त्याच्यापर्यंत जे पोचलं त्याच्याशी तो निष्ठावान असतो.

आणि इथल्या मातीतलं उदाहरण तर याहून बोलकं आहे. दुर्गजवळच्या बघेरा गावी ७ नोव्हेंबर १९७१ रोजी दाऊ रामचंद्र देशमुख यांनी ‘चंदैनी गोंदा’चा पहिला प्रयोग केला. आडनावामुळे मराठी माणूस दचकेल, पण दाऊजी पक्के छत्तीसगढी. त्यांचा प्रयोग म्हणजे शेतकऱ्याच्या आयुष्याची गाण्यांतून सांगितलेली कथा. करमा, ददरिया, सुवा असे लोकांच्या गळ्यातले प्रकार आणि त्यांच्या शेजारी लक्ष्मण मस्तुरिया यांनी लिहिलेली, खुमानलाल साव यांनी संगीत दिलेली नवी गाणी. समोर उघड्या मैदानात हजारो माणसं रात्र रात्र बसत, आणि त्यांतल्या किती जणांना ददरियाचं वळण आईच्या गळ्यातून आलेलं असे! म्हणजे इथेही प्रेक्षक गाण्याचा भागीदार होऊनच आला होता. पुढे ही गाणी आकाशवाणी रायपूरवरून आणि कॅसेटवरून गावोगाव गेली. ज्यांनी मैदानातला प्रयोग पाहिला नव्हता त्यांच्यासाठी मस्तुरियांचा ध्वनिमुद्रित आवाज हाच ‘चंदैनी गोंदा’ झाला. सुवा गीत मुळात दिवाळीच्या सुमारास बायका फेर धरून, टाळ्यांच्या ठेक्यावर गातात. त्याला ढोलक-हार्मोनियमची साथ जोडली, पक्की लय दिली, तेव्हा गावातल्या एखाद्या म्हातारीला ते परकं वाटलं असेल, आणि तिच्या नातीला तेच खरं. दोघींपैकी चुकीची कोण, हे ठरवायला मी तरी धजणार नाही.

भिलाई आणि डिस्को यांचाही एक धागा आहे, तो मॉस्कोवरून जातो. १९८२ साली बब्बर सुभाष यांचा ‘डिस्को डान्सर’ आला. बप्पी लाहिरींचं संगीत, मिथुन चक्रवर्तींचा नाच. सोव्हिएत संघात तो प्रदर्शित झाला तेव्हा त्याची सहा कोटींच्या आसपास तिकिटं विकली गेली. ज्या देशाने भिलाईला भट्ट्या उभारून दिल्या, त्या देशाच्या घराघरांत हिंदी डिस्को पोचला. त्यातलं नायकाला जिमी म्हणून साद घालणारं, पार्वती खान यांनी गायलेलं गाणं तिथे विशेष गाजलं. त्या गाण्याची चाल फ्रान्सच्या ‘ओटावान’ या डिस्को जोडीच्या १९८० सालच्या गाण्यावरून आलेली आहे, हे जाणकार सांगतात आणि ते ऐकून पाहिलं की लपतही नाही. पण ताश्कंदच्या किंवा मॉस्कोच्या ज्या माणसाने ते पहिल्यांदा मिथुनच्या चित्रपटात ऐकलं, त्याच्यासाठी फ्रेंच गाणं हीच नक्कल. पॅरिसची तबकडी, मुंबईचा चित्रपट, रशियाची आठवण, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच चित्रपटाचं लंडनच्या सॅडलर्स वेल्समध्ये झालेलं संगीत नाटक. ते रंगमंचावर आणलं सारेगामाने, म्हणजे जुन्या ग्रामोफोन कंपनीने, जिच्या कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्या मराठी घरांत नाट्यपदं घेऊन आल्या होत्या. लंडनच्या प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात त्या गाण्याचं निराळं मूळ होतं. नटसंचाचा कोणताही गळा त्या सगळ्यांना एकदम खूश करू शकला नसता.

तर मग चांगलं-वाईट असं काही उरतच नाही का? ज्याने जे आधी ऐकलं ते त्याचं, आणि चर्चा संपली? असं मात्र नाही. सवय आणि पारख यांत अंतर आहे, आणि ते ‘कट्यार काळजात घुसली’च्या प्रवासात स्वच्छ दिसतं. पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. त्यांचं हे नाटक डिसेंबर १९६७ मध्ये आलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. वसंतरावांची गायकी अशी की कालचं पद आज तसंच येईल याची खात्री नाही. तबकडीने त्यातलं एक रूप धरून ठेवलं आणि दोन पिढ्यांनी ते पाठ केलं. पुढे २०१० च्या सुमारास त्यांचे नातू राहुल देशपांडे त्याच भूमिकेत उभे राहिले. २०१५ साली सुबोध भावे यांनी चित्रपट केला, त्यात अभिषेकींच्या पदांसोबत शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली. जुन्या रसिकांनी कुरकुर केली, तरुणांनी चित्रपटातली गाणी डोक्यावर घेतली. पण त्यांतलेच कितीतरी तरुण चित्रपटापाशी थांबले नाहीत. ते मागे गेले, वसंतरावांची तबकडी त्यांनी शोधून ऐकली, आणि ऐकल्यावर त्यांच्या मनातलं मूळ सरकलं. आधी ऐकलेल्याची सत्ता मोठी असते, पण ती कायमची नसते. अधिक खोल काही कानी पडलं तर कान स्वतःहून जागा करून देतो. पारख याहून वेगळी काय असते? रसिक खरोखर हट्टी असता तर ‘स्वयंवर’ची पदं रुजलीच नसती आणि ‘कट्यार’चा चित्रपट चाललाच नसता.

तबकडी म्हणजे नाटकाची जाहिरात, फार तर प्रेक्षकाने जाताना घरी न्यायची आठवण, असं म्हणणारेही आहेत. काही तबकड्या तशा असतात, आणि त्यांचा दोष मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. त्यांत प्रेक्षक पुसून टाकलेला असतो. ‘मामा मिया’च्या शेवटी कथा संपल्यावर नट पुन्हा येऊन गातात आणि प्रेक्षागृह उठून नाचू लागतं. स्टुडिओतल्या स्वच्छ ध्वनिमुद्रणात ते उठणं कुठून येणार? ओळखीच्या गाण्यांच्या नाटकात अर्धं गाणं समोरचे लोक मनात गात असतात. त्यांचा आवाज काढून टाकला की उरतं ते दुसऱ्याच्या गळ्यातलं जुनं गाणं, आणि मग तुलना अटळ होते. टाळी, हुंकार, वन्स मोअरची आरोळी, नटाने हसून पुन्हा लावलेला षड्ज, हे सारं राहू दिलं असतं तर चाहत्यांची निम्मी नाराजी उरली नसती, असं मला मनापासून वाटतं.

पण तबकडीचा सगळ्यात मोठा परिणाम तबकडीबाहेर झाला आहे. नाट्यगीत गायनाच्या स्पर्धांत मुलं-मुली आज जी पदं गातात, ती बहुतेक ध्वनिमुद्रणांवरून बसवलेली असतात. जी तान जागा संपत आली म्हणून आवरती घेतली गेली असेल, ती आता त्या पदाची रीत म्हणून शिकवली जाते. एके काळी ज्या साडेतीन मिनिटांबद्दल रसिक हळहळले, त्या साडेतीन मिनिटांत पद आटोपलं तर परीक्षक समाधानी असतात. स्वर पक्के असलेली एखादी मुलगी, नागपूरची असो की भिलाईच्या सेक्टरातली, त्या शेवटच्या तानेपाशी पोचते तेव्हा तिच्या गळ्यात आणखी बरंच काही असू शकतं. तिने चौथ्या मिनिटात शिरावं की नाही? मला वाटतं, समोर बसलेल्यांनी एकदा वन्स मोअर मागून पाहावा.